मनगटाएवढे घड्याळ

श्रावकाच्या दिनचर्येत काळाचे माप हे धर्माचरणाचेच एक अंग आहे. सूर्योदयानंतर दोन घटिका झाल्यावर नवकारशी पारायची, सूर्यास्तापूर्वी चौविहाराचे पच्चक्खाण घ्यायचे, सामायिकात ४८ मिनिटे समभावात बसायचे. २४ मिनिटांची एक घटिका आणि दोन घटिकांचा एक मुहूर्त, हे गणित घरोघरी मुलांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक होते. ज्या समाजात मिनिटांना एवढे मोल आहे, तेथे घड्याळाची निवड मात्र बहुधा किंमत आणि चकाकी पाहून केली जाते. ते ज्याच्या हाती बांधायचे, त्याचे मनगट मोजण्याचे कोणाला सुचत नाही.

एका घरातील प्रसंग सांगण्याजोगा आहे. नातवाने पहिल्या पगारातून आजीसाठी नाजूक, खडे जडवलेले घड्याळ आणले. तबकडी रुपयाच्या नाण्याहूनही लहान, तीवर अंक नाहीत. आजींनी कौतुकाने ते हाती बांधले. पण संध्याकाळी काटे दिसेनात. नातवाने लगेच दुसरे आणले, ४२ मिलीमीटर व्यासाचे, ठळक अंकांचे. ते आजींच्या कृश मनगटावरून सारखे खाली घसरू लागले आणि हाताला त्याचे ओझे होऊ लागले. आजी पुन्हा पूर्वीप्रमाणे सुनेला विचारू लागल्या, ‘‘सूर्यास्ताला किती अवकाश आहे गं?’’ दोन घड्याळे कपाटात गेली आणि आपले पच्चक्खाण आपण वेळ पाहून घ्यावे, ही त्यांची साधी इच्छा अपुरीच राहिली.

चूक प्रेमात नव्हती, मापात होती. हे माप घेणे अगदी सोपे आहे. मनगटाच्या बाहेरच्या बाजूस जे हाड उंचवट्यासारखे जाणवते, त्याच्या किंचित मागे, कोपराच्या बाजूला, दोरा गुंडाळावा आणि तो पट्टीवर मोजावा. घेर १५ सेंटिमीटरहून कमी असल्यास साधारणतः २८ ते ३४ मिलीमीटर व्यासाचे घड्याळ शोभते. १५ ते १६.५ सेंटिमीटर घेराला ३४ ते ३८, तर १६.५ ते १८ सेंटिमीटर घेराला ३८ ते ४२ मिलीमीटर व्यास पुरेसा होतो. त्याहून मोठे घड्याळ रुंद मनगटालाच साजते. हे आकडे वाट दाखवण्यापुरते आहेत. अखेरचा निर्णय हातावर बांधून पाहिल्यावरच घ्यावा.

केवळ व्यास पाहून भागत नाही. पट्टा अडकवण्यासाठी घड्याळाला वर आणि खाली जे कान पुढे आलेले असतात, त्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर अधिक महत्त्वाचे आहे. ४० मिलीमीटरच्या दोन घड्याळांत हे अंतर एकात ४६, तर दुसऱ्यात ५० मिलीमीटर असू शकते. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी मोजावी. कान त्याबाहेर डोकावू लागले, की घड्याळ उसने आणल्यासारखे दिसते. जाडीही पाहावी. सात ते नऊ मिलीमीटर जाडीचे घड्याळ बाहीखाली सहज सरकते; बारा-तेराच्या पुढे ते बाहीत अडकू लागते. पट्ट्याची रुंदी व्यासाच्या सुमारे निम्मी असावी. ३६ ला १८, ४० ला २० मिलीमीटर.

डोळ्यांचा भ्रमही लक्षात घ्यावा. पांढरी तबकडी आणि भोवतीची बारीक कड यांमुळे घड्याळ आहे त्याहून मोठे दिसते. काळी तबकडी आणि जाड कड यांमुळे लहान. हात डोळ्यांजवळ धरून पाहिल्यास घड्याळ अवाढव्य भासते. म्हणून दुकानातील आरशासमोर दोन पावले मागे उभे राहून पाहावे, कारण इतरांना ते तसेच दिसणार असते. उन्हाळ्यात मनगट थोडे फुगते. पट्ट्याखाली करंगळी सहज जाईल इतकी सैल जागा ठेवावी.

मोठे घड्याळ म्हणजेच भारदस्त घड्याळ, ही समजूतही तपासून पाहावी. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकांची काही घड्याळे ५५ मिलीमीटरची होती. ती जाड कोटाच्या बाहीवर बांधली जात, कारण अंधाऱ्या विमानात वेळ अचूक वाचणे भाग होते. आकारामागे गरज होती. भारतात १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे बनू लागली. त्यांतील किल्ली देण्याचे ‘जनता’ सुमारे ३५ मिलीमीटरचे होते आणि कित्येक घरांतील कर्त्या पुरुषाने ते आयुष्यभर वापरले. आज नातवाला ते ‘लहान’ वाटते. पण मनगट मोजले, तर पुष्कळदा तेच अचूक बसते. आजोबांचे घड्याळ स्वच्छ करवून घेऊन, नवा पट्टा लावून वापरणे, हा अपरिग्रहाचाही एक सुंदर पाठ ठरेल.

पट्टा निवडताना अहिंसेचा विचार अर्थातच आला. चामड्याऐवजी पोलादी साखळी, नायलॉन, कापड वा सिलिकॉन असे पर्याय सर्वत्र मिळतात. काही पट्टे वरून कापडी असतात, पण आतले अस्तर चामड्याचे असते. म्हणून पट्टा उलटून पाहावा आणि विचारून घ्यावे. मोत्यासारखी झळकणारी तबकडी शिंपल्याची असू शकते, तेही विचारावे. ज्या घरांत सामायिकात बॅटरीच्या वस्तूंचा स्पर्श टाळतात, तेथे रेतीची घडीच वापरावी आणि मनगटी घड्याळ तेवढा वेळ बाजूला ठेवावे.

त्या आजींच्या मनगटाचा घेर अखेर सुनेने दोऱ्याने मोजला. तो १४ सेंटिमीटर भरला. मग ३० मिलीमीटरचे, पांढऱ्या तबकडीवर ठळक काळे अंक असलेले, कापडी पट्ट्याचे साधे घड्याळ आले. पहिल्या दोन्हींपेक्षा ते कितीतरी स्वस्त होते. त्या संध्याकाळी आजींनी कोणाला काही विचारले नाही. हात किंचित उचलून त्यांनी वेळ पाहिली, पाणी घेतले आणि हात जोडून पच्चक्खाण केले. ती दोन मोठ्या किमतीची घड्याळे मात्र कपाटात परिग्रह होऊन पडून राहिली नाहीत. ज्यांच्या मनगटांना ती साजत होती, त्यांच्याकडे ती गेली.