‘चांदी’ जाणार, मग डहाणू-तलासरीत दात कशाने भरायचे?

दाढेत ‘चांदी’ भरून घेतलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही निव्वळ चांदी नसते. त्या मिश्रणात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. मिनामाता करारातील देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला ठरवलं, की २०३४ पर्यंत दातांसाठीचं हे मिश्रण वापरातून काढायचं. भारतही २०१८ पासून या करारात आहे.

घाबरू नका. तुमच्या दाढेतली चांदी घट्ट बसलेली असेल तर ती उगाच काढू नये. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. खरी चिंता दवाखान्यातून गटारात आणि तिथून समुद्रात जाणाऱ्या पाऱ्याची आहे. तो शेवटी माशांत उतरतो, आणि डहाणू, चिंचणी, बोर्डीच्या किनाऱ्यावर मासे हे रोजचं जेवण आहे.

प्रश्न आहे तो चांदीच्या जागी काय येणार याचा. शहरात उत्तर सोपं आहे: दाताच्या रंगाचं कंपोझिट. पण ते बसवताना दात पूर्ण कोरडा लागतो, निळ्या प्रकाशाचा दिवा लागतो, खुर्ची आणि वीज लागते, वेळही जास्त जातो. थ्री-डी स्कॅनर आणि एका दिवसात तयार होणारी कॅप यांचं कौतुक जरूर करावं, पण तलासरीच्या पाड्यावरचं मूल त्या खुर्चीपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतं ते गाल सुजल्यावर, आणि तेव्हा बहुधा दाढ काढावी लागते.

त्यातही सर्वाधिक नुकसान पहिल्या कायमच्या दाढेचं होतं. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता येते. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून दिली जाते. ती पुन्हा येत नाही.

या भागाला उपयोगी पडतील अशी दोन साधनं जुनीच आहेत. पहिलं ग्लास आयोनोमर सिमेंट, म्हणजे जीआयसी. ब्रिटनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७०च्या सुमारास ते विकसित केलं. हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने चिकटतं, काही मिनिटांत आपोआप घट्ट होतं आणि फ्लोराइड सोडत राहतं. ऐंशीच्या दशकात टांझानियात हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून, ड्रिलशिवाय दात भरण्याची पद्धत सुरू झाली. तिला आज याच सिमेंटचा आधार आहे. दुसरं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हा थेंब किडीवर लावला की बऱ्याच दातांत ती थांबते. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि हे पालकांना आधी सांगायलाच हवं. दात ठणकत असेल किंवा गळू झालं असेल तर हा उपाय चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दोन्हींचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

जीआयसीला ‘गरिबांचं सिमेंट’ म्हणून हिणवणं मला पटत नाही. दोन बाजूंना पसरलेल्या मोठ्या खड्ड्यात ते लवकर निखळतं, हे खरं. पण दाढेच्या माथ्यावरच्या छोट्या खड्ड्याला ते उत्तम चालतं, आणि मुलांत सुरुवात बहुधा तिथेच होते.

मग अडतं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा तपासणी करतात, कीडही नोंदवतात. पण पथकात आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात, दंतवैद्य नसतो. म्हणून मुलाला चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवलं जातं. त्या चिठ्ठीसाठी आईबापांची एक दिवसाची मजुरी बुडते. दुखत नसलेल्या दाढेसाठी ती कोण बुडवेल? आदिवासी विकासाच्या डहाणू प्रकल्पातील आश्रमशाळांत मुलं एकाच जागी राहतात. तिथे दंतवैद्यानेच हत्यारांची पिशवी घेऊन जाणं स्वस्त पडेल.

एक अडचण तरीही उरते. थेंबाचा दुसरा हात साधारण सहा महिन्यांनी द्यावा लागतो. जुलैत पहिला दिला तर दुसऱ्याची वेळ जानेवारीत येते, आणि दिवाळीनंतर काही मुलं आईबापांसोबत वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेली असतात. कोणत्या दाताला कधी थेंब लावला याची नोंद मुलाच्या हातातल्या कार्डावर असेल, तर ते जिथे असेल तिथला दंतवैद्य पुढचा हात देऊ शकतो.