जाऊ नका, पण परत जा!

बोर्नो, योबे, कादुना, कात्सिना, झाम्फारा… नायजेरियातील अशा राज्यांची नावे घेऊन अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या नागरिकांना बजावते : तिकडे फिरकूही नका, पळवून नेले जाल. त्याच अमेरिकेचे गृहसुरक्षा खाते याच राज्यांतून आलेल्या माणसाला सांगते : व्हिसाची मुदत संपली, आता परत जा. एकाच राजधानीतील दोन खाती एकाच नकाशाकडे पाहून उलटसुलट निकाल देतात. धोका तोच, पण निळे पारपत्र असले तर तो खरा ठरतो आणि हिरवे असले तर नाही.

या विसंगतीवरचा उपाय अमेरिकी कायद्यातच आहे. 1990 च्या कायद्याने ‘तात्पुरता संरक्षित दर्जा’ म्हणजे टीपीएस अस्तित्वात आला. मायदेशी सशस्त्र संघर्ष, नैसर्गिक आपत्ती किंवा तशीच असामान्य स्थिती असेल, तर अमेरिकेत आधीच असलेल्या त्या देशाच्या नागरिकांना 6 ते 18 महिने हाकलायचे नाही आणि तोवर त्यांना काम करू द्यायचे, एवढीच ही सवलत. तिच्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही. लायबेरिया, सोमालिया, सुदान, कॅमेरून या आफ्रिकी देशांच्या नागरिकांना ती कधी ना कधी मिळाली. नायजेरियाचे नाव त्या यादीत आजवर आलेले नाही.

ते का यावे, याची कारणे शोधत बसण्याची गरज नाही. ईशान्येत 2009 पासून बोको हराम या दहशतवादी संघटनेने आणि नंतर तिच्यातून फुटलेल्या गटाने 20 लाखांहून अधिक लोकांना घरादाराला पारखे केले. चिबोकच्या शाळेतून 2014 मध्ये 276 मुली पळवल्या गेल्या, तेव्हा जग हळहळले. पुढे अपहरण हा वायव्येत चक्क धंदा झाला. जून 2025 मध्ये बेन्यू राज्यातील येलवाटा गावात एका रात्रीत शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पापिरी येथील निवासी शाळेतून 300 हून अधिक विद्यार्थी-शिक्षकांना बंदूकधाऱ्यांनी नेले. ते महिनाभरात सुटले, पण म्हणून गावे निर्धास्त झाली नाहीत.

वॉशिंग्टनला हे ठाऊक नाही असेही नाही. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ट्रम्प यांनी धार्मिक छळाच्या कारणावरून नायजेरियाला ‘विशेष चिंतेचा देश’ ठरवले. डिसेंबरमध्ये, बोको हराम आणि इस्लामिक स्टेट तेथे मोकाट आहेत असे कारण देत, नायजेरियनांच्या व्हिसावर निर्बंध घातले. ऐन नाताळात सोकोटो राज्यावर क्षेपणास्त्रेही डागली. म्हणजे दार लावून घ्यायला धोका पुरेसा, हल्ला करायला पुरेसा, फक्त आत असलेल्या माणसाला थांबू द्यायला तेवढा अपुरा! छळ होणाऱ्या ख्रिश्चनांचा कैवार घेणाऱ्या सरकारने त्यांच्यातलाच कोणी आपल्या अंगणात उभा असताना तोंड फिरवावे, हा कैवार कसला?

आक्षेप आहेत आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला असा की, वीस कोटींहून मोठ्या या देशात लागोससारखी नांदती शहरे आहेत. उत्तरेतल्याने तिकडे जाऊन राहावे. पण नायजेरियात नोकरीपासून शिष्यवृत्तीपर्यंत ‘इंडिजीन’ दाखला विचारला जातो. तो पूर्वजांच्या मुलखावरून मिळतो, वास्तव्यावरून नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही माणूस परकाच राहू शकतो. शिवाय कायद्यात देशाच्या एखाद्या भागापुरतीही तरतूद आहे. 1998 मध्ये ती सर्बियातील एकट्या कोसोवो प्रांताला लावली गेली होती.

दुसरा आक्षेप : तात्पुरते म्हणता म्हणता ते कायमचे होते. एल साल्वाडोरच्या 2001 पासूनच्या मुदतवाढी पाहता यात तथ्य आहे. मात्र लायबेरियनांची 1991 पासूनची अशी लोंबकळ 2019 मध्ये संसदेने कायदा करून संपवली आणि त्या कायद्यावर सही होती ट्रम्प यांचीच. लोंढे येतील ही भीती तर गैरलागूच. ठरावीक तारखेआधी अमेरिकेत असलेल्यांनाच हा दर्जा मिळतो आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला तो मिळत नाही. राहता राहिला अबुजातल्या नायजेरियन सरकारचा स्वाभिमान. आपला देश असुरक्षित असल्याचे कोणते सरकार कबूल करील? पण त्या सरकारच्या विनंतीची अट फक्त नैसर्गिक आपत्तीसाठी आहे, संघर्षासाठी नाही.

आपणही याकडे परक्याचे भांडण म्हणून पाहू नये. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. नालासोपारा असो की गोवा, नायजेरियन माणूस आपल्याला भेटतो तो अमली पदार्थांच्या बातमीत. गोव्याच्या एका मंत्र्याने 2013 मध्ये नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली होती. काहींच्या गुन्ह्यावरून सगळ्यांचा निवाडा करण्याची खोड एकट्या अमेरिकेची नाही.

ट्रम्प सरकार जुने दर्जे एकेक करून काढून घेत असताना नवा मिळण्याची शक्यता धूसरच आहे. तरीही मागणी रास्त आहे आणि ती अवाजवीही नाही : संघर्षग्रस्त राज्यांपुरता 18 महिन्यांचा दर्जा, मग फेरआढावा. त्यासाठी नवी चौकशी समिती नको की नवा अहवाल. धोक्याची रेघ परराष्ट्र खात्याने नकाशावर आधीच ओढून ठेवली आहे. गृहसुरक्षा खात्याने तीच प्रमाण मानावी.