पुढाऱ्याचा हेल आणि पडद्यावरचा न्यायनिवाडा #धागा

१/ मराठी पडद्यावरचा भ्रष्ट पुढारी तोंड उघडताच दोषी ठरतो. पुरावा एकच : त्याचा हेल. तो बहुधा कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचा असतो.

२/ या साच्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे ‘सामना’ (१९७५). पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील ग्रामीण बोलीत बोलतो; त्याला जाब विचारणारा मास्तर प्रमाण मराठीत. चित्रपट थोर आहे. सहकारातील सत्तेवरचा त्याचा आरोपही निराधार नव्हता. पुढच्या नकलाकारांनी मात्र आरोप टाकून दिला आणि हेल तेवढा उचलला.

३/ आता नटांकडे पाहावे. हिंदूराव साकारणारे निळू फुले पुण्याचे, राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेले. ‘सिंहासन’मधील (१९७९) मुख्यमंत्री अरुण सरनाईक अस्सल कोल्हापूरचे, पण तो मुख्यमंत्री बोलतो नागर मराठी. पुण्याचा नट साखरसम्राट होताना ग्रामीण झाला, कोल्हापूरचा नट मुख्यमंत्री होताना नागर. बोली मातीने नव्हे, भूमिकेने ठरवली.

४/ ‘प्रमाण’ मराठी तरी आभाळातून पडली काय? मोल्सवर्थचा कोश १८३१चा. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखालील शालेय पुस्तकांनी पुण्याच्या शिक्षितांची बोली घरोघर नेली. जी छापली गेली ती ‘शुद्ध’ ठरली. कोल्हापूरकडची स्त्री ‘मी येतो’ म्हणते, तो तिच्या बोलीचा नियम आहे, चूक नव्हे.

५/ याच मुलखाने घटना समितीला रत्नाप्पा कुंभार दिले. इचलकरंजीजवळचा पंचगंगा साखर कारखाना त्यांनीच उभारला. पडद्यावरच्या कारखानदाराच्या गर्दीत असा माणूस सहसा दिसत नाही.

६/ सांगलीचे वसंतदादा पाटील यांचे औपचारिक शिक्षण बेताचे. मुख्यमंत्री असताना १९८३मध्ये त्यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. शिक्षण खेड्यापर्यंत पोहोचले की बाजारात उभे राहिले? भांडावे ते यावर. उच्चाराच्या नकलेने हा प्रश्न सुटत नाही, केवळ झाकला जातो.

७/ ‘रांगडा’, ‘मातीतला माणूस’ ही स्तुतीही त्याच नाण्याची दुसरी बाजू. गावरान हेल काढून प्रामाणिकपणाचा दाखला मिळवणारा पुढारी याच सवयीवर जगतो.

८/ हेल ऐकून कोणी चोर ठरत नाही, कोणी संतही ठरत नाही. पुढाऱ्याचा निवाडा त्याने काढलेल्या आदेशांवर आणि केलेल्या खर्चावर व्हावा. कागदाला हेल नसतो.