वाटा करिअरच्या : मैदानाच्या कडेला उभं राहणारा माणूस



निकालाचे दिवस आले की काही घरांत एक संवाद हमखास होतो. मुलगा म्हणतो, “अब्बा, मला खेळांचे फोटो काढायचेत. तेच काम करायचंय.” अब्बा गप्प राहतात. अम्मी विचारते, “बेटा, त्यावर घर चालतं का?” मुलाची हौस खरी असते आणि अम्मीची काळजीही खरी असते. म्हणून या महिन्यात या कामाबद्दल बोलू या.

मुहम्मद अली यांचा एक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अली रिंगमध्ये उभे आहेत, उजवा हात छातीशी दुमडलेला, आणि पायाशी सनी लिस्टन पडला आहे. तारीख २५ मे १९६५, ठिकाण अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुइस्टन. हा फोटो काढणारे नील लायफर तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते.

नील न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या कष्टकरी वस्तीत वाढले. वस्तीतल्या समाजकेंद्रात मुलांसाठी कॅमेरा क्लब होता. तिथे ते फोटोग्राफी शिकले. सँडविच पोचवण्याचं काम करून त्यांनी चार पैसे मिळवले. खेळाचं वेड होतं, पण तिकिटाला पैसे नव्हते. न्यूयॉर्क जायंट्स या संघाच्या फुटबॉल सामन्यांना अपंग माजी सैनिकांना मोफत सोडत, आणि त्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायला माणसं लागत. नील ते काम करू लागले. त्यामुळे त्यांना थेट मैदानाच्या कडेला उभं राहायला मिळे. २८ डिसेंबर १९५८ रोजी, आपल्या सोळाव्या वाढदिवशी, त्यांनी तिथूनच अंतिम सामन्यातल्या विजयी क्षणाचा फोटो टिपला. दूरचं जवळ आणणारी लेन्स त्यांच्याकडे नव्हती. खेळाडूच त्यांच्या दिशेने धावत आला.

याला कोणी नशीब म्हणेल. नशीब होतंच. लुइस्टनलाही होतं. अलींच्या त्या फोटोत त्यांच्या पायांमधून पलीकडचा एक फोटोग्राफर दिसतो. तोही अनुभवी, त्याच मासिकासाठी काम करणारा, पण त्याच्या वाट्याला अलींची पाठ आली. मात्र रिंगवर लावलेले फ्लॅशचे दिवे पुन्हा तयार व्हायला काही सेकंद लागत. म्हणजे त्या क्षणाचा एकच फोटो मिळणार होता. नील यांनी तो चुकवला नाही. पुढच्याच वर्षी ह्यूस्टनच्या लढतीत तर त्यांनी रिंगच्या वर सुमारे ८० फुटांवर कॅमेरा आधीच बसवून ठेवला. आडवा पडलेला क्लीव्हलँड विल्यम्स आणि हात उंचावलेले अली, असा वरून घेतलेला तो फोटो पूर्ण तयारीचं फळ होतं.

आता आपल्या घराकडे येऊ. या कामाला काय लागतं? पहिलं, खेळाची जाण. कबड्डीत चढाई करणारा कोणत्या बाजूला झेपावेल, पैलवान डाव केव्हा टाकेल, हे आधी ओळखता आलं पाहिजे. डोळ्यांना दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. दुसरं, तंत्र. धावता खेळाडू स्पष्ट हवा तर शटरचा वेग साधारण सेकंदाचा हजारावा भाग ठेवावा लागतो. बंदिस्त हॉलमध्ये प्रकाश कमी, म्हणून तिथे चांगली लेन्स लागते, आणि ती फार महाग असते. ती सुरुवातीला विकत घेऊ नये, सामन्यापुरती भाड्याने आणावी. तिसरं, शिस्त. खेळाडूंची नावं अचूक लिहिणं, आणि सामना संपायच्या आत फोटो वृत्तपत्राकडे पाठवणं.

कमाईबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. पगारी जागा थोड्या आहेत. बहुतेकांना सामन्यामागे पैसे मिळतात, आणि हंगाम नसला की लग्नाचे, शाळांच्या कार्यक्रमांचे फोटो काढून घर चालवावं लागतं. त्यात कमीपणा नाही. मेहनतीची, हलाल कमाई आहे. पण पदवी सोडून या वाटेला लागू नये. पदवीनंतर शिकायचं असेल तर दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये फोटोग्राफीचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रातही फोटोग्राफी शिकवतात.

ही वाट मुलींनाही खुली आहे. आज मुलींचे सामने वाढले आहेत, आणि ते नीट, अदबीने टिपणाऱ्या नजरेची गरज आहे. पडलेल्या, रडणाऱ्या किंवा कपडे विस्कटलेल्या खेळाडूचा कोणता फोटो छापायला द्यायचा नाही, हे ठरवणंही या कामाचाच भाग आहे.

पालकांना एक सुचवावंसं वाटतं. लगेच नकार देऊ नका आणि लगेच कर्ज काढून कॅमेराही आणू नका. घरातल्या मोबाइलवर किंवा कोणाकडून मागून आणलेल्या साध्या कॅमेऱ्यावर मुलाला तीन महिने गावातल्या मैदानावर जाऊ द्या. दर रविवारी, उन्हात, तासन्‌तास. मग त्याच्याकडून निवडक २० फोटो मागा आणि प्रत्येक फोटो का निवडला ते विचारा. तीन महिन्यांनंतरही तो तितक्याच ओढीने जात असेल आणि उत्तरं नीट देत असेल, तर जुना कॅमेरा घेण्याबद्दल अम्मी-अब्बांनी एकत्र बसून हिशेब करायला हरकत नाही.