खेळणारा कुणाचा?

२००७ साली मायक्रोसॉफ्टने एक्सपीला वगळून डायरेक्टएक्स १० नव्या व्हिस्टाला दिले, तरी गेम खेळणारी कितीतरी पोरे एक्सपीलाच चिकटून राहिली. गेम चालतोय ना, मग झाले! आता विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० नसलेल्या धडधाकट संगणकालाही विंडोज ११ दारातच अडवते. त्याच महिन्यात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत लिनक्स ३ टक्क्यांच्या वर गेले. लिनक्सवाल्यांनी पेढे जरूर वाटावेत. पण २०१८ पासून व्हॉल्व्हचे प्रोटॉन लिनक्सवर चालवते ते विंडोजचेच गेम! तरीही, चालता संगणक भंगारवाल्याला देण्यापेक्षा मी त्यावर लिनक्स घालीन. व्हॅलोरंट तिथे चालत नाही, त्यामुळे ते खेळणाऱ्या भाच्याला हे पटवणे मात्र कठीण.