भरवसा यंत्रावर की व्यवस्थेवर?

जून महिना उजाडला की संगणकाच्या दुकानांतील गर्दी वाढू लागते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी लॅपटॉप, शाळेच्या कार्यालयासाठी डेस्कटॉप, पतपेढीसाठी सर्व्हर अशा खरेदीला वेग येतो. विक्रेता प्रोसेसरचा वेग सांगतो, मेमरी किती ते सांगतो, पडद्याची लांबी-रुंदी सांगतो. हे यंत्र किती वर्षे टिकेल आणि बंद पडलेच तर काय करायचे, हे मात्र तो सांगत नाही आणि ग्राहकही विचारीत नाही. आज घरातील छायाचित्रांपासून संस्थेच्या हिशेबापर्यंत सारे काही या यंत्रांच्या पोटात गेले आहे. अशा वेळी टिकाऊपणाचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

'महाग तेच टिकाऊ' हा आपला सर्वसाधारण समज. तो कितपत खरा आहे? हार्ड डिस्कचे उत्पादक आपल्या मालाचे सरासरी आयुष्य 10 लाख तास किंवा त्याहूनही अधिक सांगतात. 10 लाख तास म्हणजे सुमारे 114 वर्षे! अर्थात एकच डिस्क 114 वर्षे चालेल, असा याचा अर्थ नव्हे. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यांतील सुमारे नऊ निकामी होतील, एवढाच तो हिशेब आहे. पण तोही प्रत्यक्षात उतरत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासून 2007 साली निष्कर्ष मांडले. वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या डिस्कचे प्रमाण बहुधा 2 ते 4 टक्के होते आणि काही ठिकाणी ते 13 टक्क्यांपर्यंत गेले होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मोठ्या संस्थांसाठी बनवलेल्या महागड्या डिस्क आणि सामान्य डिस्क यांच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही.

त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी धोक्याच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकही इशारा आधी दिलेला नव्हता. यंत्र कुरकुरू लागले की पाहू, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आजच्या सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे ती धक्के सोसते, पण बंद पडण्यापूर्वी तिचा आवाज येण्याचाही प्रश्न उरत नाही.

मग महाग यंत्रात अधिकचे पैसे कशाचे मोजले जातात? बव्हंशी ते चूक पकडण्याच्या सोयीचे असतात. मेमरीतील एखादा अंक आपोआप शून्याचा एक होणे ही घटना वाटते तितकी दुर्मीळ नाही. गूगलच्याच सर्व्हरवरील 2009 च्या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश यंत्रांत वर्षभरात निदान एकदा तरी अशी चूक नोंदली गेली. सर्व्हरच्या मेमरीत चूक ओळखून दुरुस्त करण्याची योजना असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते, म्हणून तेथे चूक कळतही नाही. बेल्जियममधील शारबेक येथे 2003 च्या निवडणुकीत एका उमेदवाराला 4096 मते अधिक मिळाल्याचे दिसले. हा आकडा म्हणजे दोनचा बारावा घात होय. मेमरीतील एकच अंक उलटला असावा, याखेरीज दुसरे स्पष्टीकरण तज्ज्ञांना सापडले नाही. तो आकडा शक्यतेच्या पलीकडचा होता, म्हणूनच चूक उघडकीस आली.

अवकाशयानांचे संगणक याच विचाराचे टोक गाठतात. 2012 साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी यानावर किरणोत्सार सोसणारे दोन सारखे संगणक आहेत. 2013 च्या फेब्रुवारीत एकाच्या मेमरीत बिघाड होताच काम दुसऱ्यावर सोपवले गेले आणि मोहीम वाचली. 1977 साली निघालेल्या व्हॉयेजर-1 वरील संगणकाची एक चिप 2023 च्या अखेरीस निकामी झाली. सुमारे 24 अब्ज किलोमीटरवरून अभियंत्यांनी तिच्यातील आज्ञावली मेमरीच्या अन्य भागांत हलवली आणि 2024 च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. याउलट मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये चक्क मोबाइल फोनचा प्रोसेसर होता. पाच उड्डाणांसाठी पाठवलेल्या त्या यंत्राने 2024 च्या जानेवारीपर्यंत 72 उड्डाणे केली. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही हे खरे, परंतु स्वस्त भागाला जागरूक योजनेची जोड मिळाली तर काय साधते, हे त्यातून दिसले.

आपल्या घरांचा विचार करता लॅपटॉप सोयीचा खरा, पण तो हिंदकळतो, अरुंद जागेत तापतो आणि त्याची बॅटरी झिजते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मुख्य पट्टीवरच कायमची जोडलेली असते. ती बिघडली की दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. डेस्कटॉपचा वीजपुरवठा, पंखा, डिस्क हे सारे सुटे काढून बदलता येते. एका जागी बसून काम करणाऱ्या शाळेला वा संस्थेला म्हणूनच साधा डेस्कटॉप आणि यूपीएस हीच निवड पुष्कळदा शहाणपणाची ठरते. विजेचा लपंडाव, धूळ आणि कोकणातील दमट हवा यांचा हिशेब जाहिरातीत कुठेच नसतो.

येथे शासनाचेही कर्तव्य आहे. फ्रीजवरील तारे पाहून ग्राहक विजेचा खर्च ताडतो. संगणक किती टिकतो आणि किती सहज दुरुस्त होतो, हेही त्याला असेच कळावयास हवे. फ्रान्सने 2021 पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने 2022 च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु बिघाडाचे प्रमाण आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, हे जाहीर करण्याचे बंधन उत्पादकांवर आल्याशिवाय ग्राहकाचा अंधार हटणार नाही. 1991 साली पुण्याच्या सी-डॅकमधून 'परम 8000' हा महासंगणक उभा करणाऱ्या देशाला ही मोजमापे बसवणे अवघड नाही.

तोवर प्रत्येक कुटुंबाने आणि संस्थेने एक शिस्त अंगी बाणवावी. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत वास्तूबाहेर असावी. ती प्रत उघडते की नाही, हे वर्षातून दोनदा तरी तपासावे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी वेळेवर मिळत नाही. यंत्र आज ना उद्या थांबणारच आहे. त्या दिवशी काम थांबू नये, याची तरतूद आजच करावी लागेल.