छत कोणाचे, हे आधी लिहून ठेवा

घरावर सोलर बसवायला परवानगी मिळत नाही, ही तक्रार आपल्या मोहल्ल्यांत हल्ली फार ऐकू येते. तक्रारीपाठोपाठ कारणही ठरलेले असते : आपली वस्ती पाहून अर्ज बाजूला ठेवतात, आपल्याला कोण विचारतो! भेदभाव कुठेच होत नाही, असे मी म्हणणार नाही. भाड्याने घर शोधणाऱ्या मुसलमानाला तो चांगला ठाऊक आहे. पण उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येणारा मास्तर म्हणून लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. गेल्या काही काळात सोलरचे जे अडकलेले अर्ज मी पाहिले, त्यांतले बहुतेक वीज कंपनीच्या टेबलापर्यंत पोहोचलेच नव्हते. ते आपल्याच घरातल्या कपाटात अडकले होते.

आधी नियम काय आहे ते पाहू. पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सोलर बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान थेट बँक खात्यात जमा होते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. तीन किलोवॅटच्या पॅनेलमधून महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट वीज मिळते, म्हणजे मध्यम कुटुंबाची गरज भागते.

परवानगीचा भागही सरकारने सोपा केला. त्याच महिन्यात वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची अट नाही. अर्ज मंजूर झाला असेच मानले जाते. मग नोंदणीकृत ठेकेदाराकडून पॅनेल बसवायचे. अनुदान हवे असेल, तर ती भारतात बनलेल्या सेलची असावी लागतात. नंतर कंपनीचा माणूस पाहणी करतो, नेट मीटर बसते, आणि दिवसा तारेत गेलेल्या युनिटांचा हिशेब बिलात लागू लागतो.

एवढे सगळे सोपे झाले, तरी एक अट राहिली, आणि ती राहायलाच हवी. वीजजोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाने. छत आपल्या हक्काचे असले पाहिजे आणि बँक खात्यावरचे नाव अर्जाशी जुळले पाहिजे. आपले गाडे अडते ते इथेच.

आमच्याच घराचे सांगतो. आमचे मीटर दादाजानच्या नावावर होते, आणि त्यांचा इंतकाल होऊन पंचवीस वर्षे उलटली होती. दर महिन्याला त्यांच्या नावाचे बिल येई आणि आम्ही ते भरत असू. कंपनीची तक्रार नव्हती, आमचीही नव्हती. सोलरचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा कळले की आधी मीटर अब्बांच्या नावावर करावे लागेल आणि त्यासाठी बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल. दादाजानना दोन मुलगे, दोन मुली. मोठ्या फूफी आणि फुफा दोघेही गेलेले. त्यांची तीन मुले तीन गावांत. म्हणजे चाचा, धाकट्या फूफी आणि ती तीन भावंडे अशा पाच सह्या. त्या जमवायला सात महिने गेले. मृत्यूच्या दाखल्यावर दादाजानचे नाव एका तऱ्हेने, घरपट्टीवर दुसऱ्या तऱ्हेने आणि बिलावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले. ते निस्तरण्यात आणखी काही आठवडे गेले. मीटरवर नाव चढल्यानंतर मात्र सोलरच्या मंजुरीला फारसा वेळ लागला नाही.

ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घरची नाही. मोहल्ल्यातल्या दहा घरांची बिले गोळा केली, तर त्यांतल्या कितीतरी बिलांवर कब्रस्तानात विसावलेल्या बुजुर्गांची नावे सापडतील. असे हिंदू बांधवांच्या गावठाणातही असते. पण आपल्याकडे त्यात एक जास्तीचा पेच आहे. आपल्या कायद्यात एकत्र कुटुंबाची सामाईक मालमत्ता ही कल्पनाच नाही. माणसाचा श्वास थांबला की त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत यांची फेड झाली की जे उरते ते वाटायचे. वाटणी लांबवली म्हणून कोणाचा हक्क संपत नाही, फक्त हिशेब किचकट होतो.

आमच्या घराचा हिशेब मी फळ्यावर मांडावा तसा मांडून पाहिला. दादाजान गेले तेव्हा दादी हयात होत्या. घराचे ४८ भाग केले, तर दादींचा आठवा हिस्सा म्हणजे ६ भाग, प्रत्येक मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. पुढे दादीही गेल्या, त्यांचे ६ भाग याच प्रमाणात मुलांकडे आले. आता प्रत्येक भावाचे १६ आणि प्रत्येक बहिणीचे ८. म्हणजे ज्या छतावर पॅनेल बसवायचे, त्या छताचा एक तृतीयांश दोन फूफींचा. हे गणित अवघड नाही, सातवीच्या मुलाला जमेल. आपण ते करत नाही, कारण उत्तरात फूफीचे नाव येते.

सुरह निसाच्या सातव्या आयतीत मालमत्ता थोडी असो वा जास्त, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही ठरलेला हिस्सा असल्याचे सांगितले आहे. शरियत बचावच्या मोर्चात आपण हिरिरीने जातो. १९३७ च्या शरियत कायद्याला हात लावू नका म्हणतो. आणि त्याच कायद्याने बहिणीला दिलेला हिस्सा मात्र 'तिच्या लग्नात खर्च केला ना' म्हणून मिटवून टाकतो.

म्हणूनच सोलरच्या या घाईत मला एका गोष्टीची भीती वाटते. मीटरच्या नावासाठी बहिणीची सही लागते, तेव्हा स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून देणारा हमखास सल्ला देतो, 'ना-हरकत कशाला, हक्कसोडच करून घ्या, पुन्हा त्रास नको.' आम्हालाही तो मिळाला. कुटुंबातल्या हक्कसोड पत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही नाममात्र आहे. ना-हरकत म्हणजे मीटरवर भावाचे नाव लागायला माझी तक्रार नाही, एवढेच. हक्कसोड म्हणजे घरातला माझा हिस्सा मी सोडला. पहिल्या कागदाने बहिणीचे काहीच जात नाही, कारण वीजबिल हा मालकीचा पुरावा नसतो. दुसऱ्या, नोंदणी केलेल्या कागदाने सगळेच जाते. 'लाइटच्या कामाला सही पाहिजे' असे सांगून दुसऱ्या कागदावर सही घेणे, याला खियानत म्हणतात. बहिणींना माझे सांगणे आहे : सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा किंवा वाचून घ्या. मराठी येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. सहीसाठी आलेला भाऊ एक दिवस थांबू शकतो.

काही जण सांगतात की आमच्याकडे तर तोंडी हिबा झालाय, अब्बांनी हयातीतच घर देऊन टाकले. तोंडी हिबा आपल्या कायद्यात चालतो, हे खरे. देणाऱ्याने सांगितले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा दिला की तो पुरा होतो. पण साक्षीदार वारले आणि भावांत वाद झाला, तर तो सिद्ध कसा करणार? खिडकीमागच्या कारकुनाला कागदच लागतो. आणि त्याला दोष तरी का द्यायचा? कुरआनातली सर्वांत लांब आयत सुरह बकरातली २८२ वी आहे. तिचा विषय नमाज किंवा रोजा नाही, उधारीचा व्यवहार आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. ज्यांच्या ग्रंथात लिहून ठेवण्यावर एवढा जोर, त्यांच्या घरात घराचाच कागद नसावा, हे मला बोचते.

त्याच आयतीच्या आधाराने पैशाचाही एक मार्ग सुचतो. अनुदान पॅनेल चालू झाल्यावर मिळते, खर्च आधी करावा लागतो. बँका या योजनेसाठी तारणाशिवाय कर्ज देतात, पण ते व्याजाचे. व्याज ज्यांना नको, ते इथेच थांबतात. मोहल्ल्याच्या बैतुलमालने ७८ हजारांचे कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, लेखी करार करून दिले आणि अनुदान जमा होताच परत घेतले, तर तीच रक्कम वर्षभरात अनेक घरांच्या कामी येईल. मदरशात आणि मशिदीत एसी लावायला आपण वर्गणी काढतो, हेही करून पाहावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा दिसतो, पण मुळाशी तोच आहे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोलर बसवायला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. त्यासाठी सोसायटी नोंदवलेली हवी, ठराव हवा. मुंब्रा, भिवंडी, मालेगावात किती इमारतींची सोसायटी कागदावर आहे? पंप बंद पडला की वर्गणी काढायची, एवढाच आपला कारभार. पगडीच्या खोलीत राहणाऱ्याला तर छतच नाही. त्याच्यासाठी सरकारनेच वेगळा विचार करायला हवा. ती मागणी आपण जरूर करू. पण ज्यांना छत आहे, त्यांच्या वाट्याचे काम सरकार करणार नाही.

या रमजानपूर्वी प्रत्येक घराने चार कागद एका पिशवीत ठेवावेत : वीजबिल, प्रॉपर्टी कार्ड किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, बुजुर्गांच्या मृत्यूचे दाखले आणि वारसांची यादी. यादीत बहिणींची नावे भावांच्या बरोबरीने, त्यांचा हिस्सा आकड्यात लिहून. बहीण तिच्या खुशीने हिस्सा सोडणार असेल, तर तो आधी तिच्या नावावर लिहिला जाऊ द्या. जे आपल्या नावावर कधी आलेच नाही, ते माणूस खुशीने सोडणार कसे? सोलरसाठी म्हणून का होईना, ही यादी झाली तर पॅनेल बसायच्या आधीच त्या घराचे भले झालेले असेल.